पाणी तुमचं, हवा माझी

सकाळचे दहा वाजायचे होते, तरी गोदामातल्या तीनशे खुर्च्या भरून गेल्या होत्या. उशिरा आलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती, काही खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसली होती. समोर मंचावर लांब टेबल, टेबलावर ओळीने बाटल्या, प्रत्येक बाटलीला हिरवं कापड गुंडाळलेलं आणि प्रत्येकीत एक टवटवीत फांदी. त्या फांद्यांशी हिरवेबाबा बोलत होता.

बोलत होता म्हणजे खरोखरच बोलत होता. वाकून पानाला ओठ लावायचा, काहीतरी कुजबुजायचा, मग कान लावून ऐकायचा आणि माइकवर सांगायचा, "ही म्हणते, आज जरा दमलेय, पण लोक लांबून आलेत, उतरवते औषध." ज्यांच्या घरी सून दोन शब्द धड बोलत नाही, ती माणसं फांदी काय म्हणते ते जिवाचा कान करून ऐकत होती.

"नुसता पाला खाऊन काही होत नाही बरं का," बाबा सांगत होता. "झाडावरची फांदी तोडून खाल्लीत तर बकरीसारखी खाल्लीत. मी तीन दिवस तिच्याशी बोलतो, तेव्हा तिच्या अंगात औषध तयार होतं. आणि माझं पान शहाणं आहे. साखर जास्त असेल तर उतरवतं, बरोबर असेल तर हातसुद्धा लावत नाही. डॉक्टरांच्या गोळीला आहे का एवढी अक्कल?"

"नाही," तीनशे माणसं म्हणाली.

मग एका आजोबांना मंचावर बोलावलं. बोटाला सुई, मीटरवर आकडा तीनशे दहा. आजोबांनी पान चावून खाल्लं. अडीच तासांनी पुन्हा सुई, आकडा एकशे साठ. आजोबा मंचावरच रडले. इथे काही हातचलाखी नव्हती, हीच तर पंचाईत होती. मीटर खरं, रक्त खरं, उतरलेली साखरही खरी. एवढ्यानेही ज्याचं समाधान होत नसेल त्याच्यासाठी दाराशी सोनेरी चौकटीत प्रयोगशाळेचा रिपोर्ट टांगलेला होता.

त्या चौकटीसमोर एक बाई कधीची उभी होती. लोक म्हणत होते, बाई, जरा सरका, आम्हालाही वाचू द्या. ती सरकली नाही. रिपोर्टाखालची सही तिची होती.

दोन बहिणींतली ही धाकटी. वयाची चाळिशी उलटली तरी घरात आणि गल्लीत तिला धाकटीच म्हणत. झाडांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती मास स्पेक्ट्रोमीटर चालवायची. नाव जड असलं तरी काम सोपं सांगता येतं: ते मशीन रेणूंचं वजन करतं. पान वाटून त्याचा अर्क मशीनला दिला की आतल्या हजारो पदार्थांची वजनं कागदावर उतरतात.

चार महिन्यांपूर्वी एक माणूस दोन पानं घेऊन आला होता. एक म्हणे बोलण्यापूर्वीचं, एक बोलल्यानंतरचं. धाकटी मनात हसली आणि कामाला लागली. प्रयोगशाळेचा शिरस्ता असा की पान आधी तीनदा धुवायचं, म्हणजे वरून काही चोपडलं असेल तर निघून जातं. तिने तीनदा धुतलं, वाटलं, वजनं काढली. पहिल्या पानात काही विशेष नव्हतं. दुसऱ्यात मात्र एक ठसठशीत वजन होतं, जे पहिल्यात अजिबात नव्हतं. तिने ते यादीशी ताडून पाहिलं. आता झाडांच्या प्रयोगशाळेत यादी झाडांचीच असणार. तिच्यात ते वजन सापडलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या यादीत डोकावावं असं तिथे गेल्या वीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. फॉर्मवर दोनच रकाने होते: काय आहे आणि किती आहे. धाकटीने लिहिलं, "आजवर नोंद नसलेला पदार्थ, पानाच्या आत, भरपूर." आणि सही ठोकली.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. ताई तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत शिक्षिका, साखरेने सात वर्षं गांजलेली.

"अगं, त्या बाबांच्या दारात तुझ्या नावाचा कागद लावलाय. तुझीच सही का ती?"

"माझीच आहे." मशीन चालू होतं, धाकटीचं लक्ष पडद्यावर होतं.

"मग त्यात लिहिलंय ते खरं ना?"

"रिपोर्टात लिहिलंय ते खरंच असतं गं ताई. ठेवू का? काम चाललंय."

ताईने त्याच दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. बाबावर तिचा विश्वास नव्हता, बहिणीवर होता. तीन महिने पान खाल्लं, आकडे छान आले, शेजारणींना कौतुकाने दाखवले. मग एका सकाळी शाळेची घाई होती, नाश्ता नंतर करू म्हणून तिने नुसतं पान चावलं. ते फांदीच्या टोकाचं मोठं पान होतं. भावोजी आंघोळ करून आले तेव्हा ती ओट्यापाशी पडलेली होती. साखर अठ्ठावीस. दवाखान्यात नेईपर्यंत आणि नेल्यावरही ती पुन्हापुन्हा खाली जात राहिली, आणि तेवढ्या वेळात मेंदू उपाशी राहिला.

ताई वाचली. म्हणजे जेवते, हसते, खिडकीशी बसते. पण नवऱ्याचं नाव तिला आठवत नाही, आणि धाकटीला ती "अहो बाई" म्हणते.

"यांच्या रक्तात साखरेची गोळी सापडलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "मी रोज दहा जणांना लिहून देते तीच. किती घेत होत्या?"

"गोळ्या तर तिने कधीच फेकून दिल्या," भावोजी म्हणाले. "फक्त पान खायची."

धाकटीने डॉक्टरबाईंकडून ती गोळी मागून घेतली. प्रयोगशाळेत जाऊन वाटली आणि मशीनला दिली. वजन तेच. पण नुसत्या वजनावर आता तिचा भरवसा नव्हता, कारण दोन वेगळ्या पदार्थांचं वजन सारखं असू शकतं. म्हणून तिने मशीनमध्ये तो रेणू फोडला आणि त्याच्या तुकड्यांची वजनं काढली. पानातल्या रेणूचेही तुकडे केले. तुकड्याला तुकडा जुळला. नोंद नसलेला तो नवा पदार्थ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पट्टीने मिळत होता.

एवढं हातात घेऊन ती आज गोदामात आली होती. धाकटीला न्याय वगैरे नको होता, तिला सूड हवा होता. त्या माणसाने लोकांसमोर तोंडघशी पडावं, त्याला पळायला जागा उरू नये, आणि हे आपल्या हातून व्हावं, एवढंच तिला दिवसभर दिसत असे. आजोबा रडत खाली उतरले तशी ती मंचासमोर गेली आणि मोठ्याने म्हणाली, "या पानात डॉक्टरांची गोळी आहे. दारातल्या रिपोर्टावर सही माझी आहे, आणि मीच सांगतेय."

बाबाने डोळे मिटले, फांदीला कान लावला आणि मग दोन्ही हात वर केले.

"ऐकलंत? विज्ञानानेच सांगितलं. जी गोळी करायला कारखाने लागतात, ती माझ्या फांदीने नुसत्या बोलण्यावर केली. बाईंना बसायला खुर्ची द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी खरोखरच खुर्ची आणून ठेवली. दगड मारायला आलेली धाकटी बाबाची साक्षीदार होऊन बसली, तीही दुसऱ्यांदा. पण तिला एक गोष्ट कळून चुकली होती. काय आहे ते तिने सांगितलं होतं, किती आहे तेही सांगितलं होतं. कुठून आलं ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

ती तशीच उठली आणि चेहऱ्यावर होता नव्हता तेवढा गोडवा आणला.

"बाबा, मग हे जगाला दाखवू या ना. काचेची बंद पेटी मी आणते. ताजी फांदी सगळ्यांसमोर तोडू, तिचं एक पान आधी तपासू. मग तुम्ही बोला तिच्याशी आणि फांदी पेटीत ठेवू. पेटीला सील, आत दिवा, तीन दिवस कुणाचा हात लागणार नाही. पुढच्या रविवारी निकाल."

बाबाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाटली माझी. पाणीही माझंच लागतं. सिद्ध केलेलं."

"पाणी तुमचं," धाकटी म्हणाली. "हवा माझी."

हवेला कोण नाही म्हणणार? बाबा हसला आणि हो म्हणाला.

हवेतला कार्बन डायऑक्साइड हा झाडाचा शिधा. त्यातला कार्बन घेऊन झाड साखर करतं, आम्ल करतं, रंग, वास, जे जे करायचं ते सगळं करतं. हा कार्बन दोन तऱ्हांचा असतो, एक नेहमीचा आणि एक थोडा जड. आपल्या हवेत जवळजवळ सगळा नेहमीचाच. पण जड कार्बनचा वायूही सिलिंडरमध्ये मिळतो आणि झाडाला त्याने काही बाधा होत नाही, ते खुशाल खातं. फरक फक्त धाकटीच्या मशीनला कळतो. त्या पेटीतली नेहमीची हवा काढून धाकटीने जड कार्बनची भरली. आता फांदी आत जे काही स्वतः करेल ते वजनात वाढणार होतं. आणि जे तयार होऊन बाहेरून आलं असेल, ते होतं तेवढ्याच वजनाचं राहणार होतं.

सील लावलं. गोदामाचा मालक, डॉक्टरबाई आणि बाबाचे दोन भक्त आळीपाळीने पेटीपाशी बसले. भक्तांवर धाकटीचा सगळ्यात जास्त विश्वास होता, कारण ते एक क्षणही डोळा लागू देणार नव्हते.

चौथ्या दिवशी सील फुटलं आणि पानं मशीनपाशी आली. तीनदा धुवायचा शिरस्ता तिने याही वेळी पाळला. एका पानाचा अर्क काढून वजनं केली. दुसऱ्या पानाचा पातळ काप काचेवर पसरला आणि दुसऱ्या मशीनखाली ठेवला. या मशीनचा किरण पानावर टिंबाटिंबाने फिरतो, प्रत्येक टिंबातलं वजन काढतो आणि शेवटी पानाचा नकाशा रंगवून देतो, कुठला पदार्थ नेमका कुठे आहे याचा. नकाशा छापून बाहेर आला तेव्हा धाकटी खुर्चीत बसून मोठ्याने हसली. चार महिन्यांपूर्वी हे केलं असतं तर, हे लगेच मनात आलं आणि हसू विरून गेलं.

रविवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. भावोजी पहिल्या रांगेत बसले होते. डॉक्टरबाई हातात एक पिशवी घेऊन मंचाच्या पायरीशी उभ्या होत्या. बाबा नवा कोरा हिरवा झगा घालून आला होता आणि लोकांना सांगत होता की फांदी पेटीतूनही त्याच्याशी बोलत होती.

"तोडल्या तोडल्या काढलेलं पान," धाकटीने सुरुवात केली. "त्यात गोळीचं औषध नव्हतं. तीन दिवसांनंतरच्या पानात आहे. भरपूर आहे."

टाळ्या सुरू झाल्या. तिने त्या पूर्ण होऊ दिल्या. बाबाला पुरतं वर चढवायचं होतं.

"म्हणजे बाबांच्या म्हणण्याप्रमाणे फांदीने ते या तीन दिवसांत, या पेटीत केलं. बरोबर ना बाबा?"

"बरोबर. दुसरं कोण करणार?"

"पेटीतली हवा मी जड कार्बनची भरली होती. या तीन दिवसांत फांदीने जी साखर केली ती वजनात वाढली. जी आम्लं केली तीही वाढली. फांदीने आत जे जे शिजवलं त्याला माझ्या हवेची खूण लागली." तिने भिंतीवर कागद लावला. "फक्त गोळीचं औषध तेवढं कोरं राहिलं. त्याला कणभरसुद्धा खूण नाही. दुकानातल्या गोळीचं वजन आणि याचं वजन अगदी एक. फांदीने ते केलंच नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले. बाबा म्हणाला, "आकड्यांचा खेळ आहे हा. आपल्यासारख्या साध्या माणसांना काय कळणार?"

"आकडे राहू द्या. चित्र बघा." तिने पानाचा नकाशा लावला, माणसाच्या उंचीएवढा मोठा केलेला. "औषध जिथे आहे तिथे लाल रंग आहे. पान हिरवं असतं ते इथे, मधल्या भागात. झाडाचा सगळा स्वयंपाक इथे चालतो. इथे लाल जवळजवळ नाही. लाल आहे ते शिरांमध्ये, जिथून पाणी येतं. आणि कडांना, जिथे येऊन ते पाणी उडून जातं आणि गाळ मागे राहतो. टोकाच्या मोठ्या पानातून पाणी सगळ्यात जास्त उडतं, म्हणून गाळही त्यातच सगळ्यात जास्त."

अजूनही काही चेहरे कोरे होते. धाकटीला ते माहीत होतं. तिने आपल्या पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीत निळी शाई घातलेलं पाणी आणि त्यात एक फूल. काल ते पांढरं होतं. आज पाकळीपाकळीतली बारीक शीर निळी झाली होती, आणि कडा सगळ्यात गडद.

"हे फूल मी तीनदा धुतलंय. रंग जात नाही, कारण तो आत आहे. कालपासून मी याच्याशी एक शब्दही बोललेली नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा पुढे आला तसं धाकटीने पेटीतून काढलेल्या त्याच्या बाटलीचं हिरवं कापड ओढून काढलं. तळाशी बोटभर पांढरा गाळ बसला होता, आणि अर्धवट विरघळलेली एक गोळी, मधोमध रेघ असलेली. घरात साखरेची गोळी घेणारं कुणी ना कुणी प्रत्येकाकडे होतं. ती रेघ पहिल्या तीन रांगांनी लगेच ओळखली.

"ती सिद्धी आहे," बाबा म्हणाला. आवाज माइकवरही खाली गेला होता. "ती सगळ्यांना दिसत नाही."

"मला दिसतेय," गर्दीतल्या एक आजी म्हणाल्या. "माझ्या डब्यात आहेत असल्या."

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण धाकटी थांबायला आली नव्हती. तिने डॉक्टरबाईंना खूण केली. डॉक्टरबाईंनी मीटर काढलं आणि बाबाचं बोट धरलं. एवढ्या लोकांसमोर त्याला नाही म्हणता येईना. आकडा आला शहाण्णव.

"तुमची साखर बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "तुमचं पान शहाणं आहे ना? बरोबर असेल तर हात लावत नाही ना? हे घ्या." तिने पेटीतल्या फांदीची दहा पानं, टोकाची, मोठी, ताटलीत घालून त्याच्यापुढे धरली. "खा."

बाबा एक पाऊल मागे सरकला.

"माझ्या बहिणीने एक खाल्लं होतं. रिकाम्या पोटी. तुम्ही दहा खा, तुमचं तर त्यांच्याशी बोलणं आहे."

डॉक्टरबाईंच्या पिशवीत ग्लुकोज होतं, तेवढी अट घालूनच त्या आल्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्याने खावीत आणि डॉक्टरबाईंच्या हातून पिशवी पडावी, असं त्या क्षणी धाकटीला मनापासून वाटत होतं. तिला त्याची लाजही वाटली नाही.

"बाबा, खा की," रडलेले आजोबा खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून आशा होती.

"खाल्लं तर मरेन ना मी," बाबाच्या तोंडून निघून गेलं.

तो मागच्या दाराकडे वळला, तिथे भावोजी जाऊन उभे होते. त्यांनी हात उगारला नाही, नुसते दारात उभे राहिले. पोलीस येईपर्यंत बाबाला तासभर त्या मंचावर, त्या बाटल्यांमध्ये, तीनशे माणसांच्या नजरेसमोर बसावं लागलं. धाकटी समोरच्या खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होती. हा तास तिने पुरेपूर घेतला. ही खुर्ची तिला त्यानेच दिली होती.

जाण्यापूर्वी तिने दारातली सोनेरी चौकट उघडली, जुना रिपोर्ट काढून नवा आत घातला आणि त्याच खिळ्यावर टांगला. वर लिहिलं होतं: "माझा आधीचा रिपोर्ट अर्धवट होता. पदार्थ पानाच्या आत होता, पण पानाचा नव्हता." खाली तीच सही. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर आता तिसरा रकाना आहे. साहेबांनी कुरकुर केली, पण धाकटीने तो छापून घेतलाच: हे इथे आलं कसं?

संध्याकाळी ते निळं फूल घेऊन ती ताईकडे गेली. ताई खिडकीशी बसली होती. भावोजींनी दिवसभराचं सगळं सांगितलं, बाबा कसा बसला, काय बोलला. ताई हसून ऐकत होती, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तशी. धाकटीला वाटलं होतं की आज पोटातली आग शांत होईल. ती काही झाली नाही.

तिने फूल ताईच्या हातात दिलं. ताईने ते उलटसुलट केलं, एका निळ्या शिरेवरून बोट फिरवलं. दर वर्षी तिसरीच्या वर्गात ती हाच प्रयोग करायची. धाकटीने तो पहिल्यांदा पाहिला तोही तिच्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसून. ताईने मान वर केली तेव्हा नजर तीच होती, वर्गावरून फिरणारी.

"रंग आत गेलाय," ताई म्हणाली. "मग फुलाने केला का तो?"

धाकटी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"सांगा ना, अहो बाई. फुलाने केला, की कुणी पाजला?"

"पाजला," धाकटी म्हणाली.

"मग पाजणाऱ्याला शोधा," ताई म्हणाली आणि फूल तिच्या हातात परत दिलं.

तिसरीतल्या मुलांना जमतो एवढाच हा प्रश्न आहे. उद्या तुमच्यासमोर कुणी फांदीशी बोललं, दगडातून दूध काढलं, राखेतून औषध काढलं, आणि वर सहीशिक्क्याचा कागदही दाखवला, तर आधी टाळी वाजवू नका. हे आलं कुठून, ते विचारा. आणि उत्तर देणाऱ्याला म्हणावं, आधी तू खाऊन दाखव.